मायीसचे लिंपण

२०१७ सालच्या ५ सप्टेंबरला, मंगळवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी आमच्या घराची दोन्ही टोके लेव्हलच्या दुर्बिणीतून मोजली. पश्चिमेचे टोक, म्हणजे माझे, पूर्वेच्या टोकापेक्षा, म्हणजे मायीसच्या टोकापेक्षा, १४१ मिलिमीटर उंच भरले. दुर्बीण उचलून दुसऱ्या जागी मांडली आणि पुन्हा मोजले. पुन्हा १४१.

घर एकच, बिऱ्हाडे दोन. रेल्वेने तीत्तेखच्या थांब्यावर ते बांधले तेव्हा लार्चच्या लाकडाचे खांब खालच्या बारमाही गोठलेल्या बर्फमातीत खोल रोवले आणि खांबांच्या डोक्यावर घर ठेवले. फळ्यांची जमीन आणि माती यांच्यामध्ये पाऊण मीटरची पोकळी राहिली. ही पोकळी म्हणजे आमच्याकडच्या घराचा प्राण. हिवाळ्यात तिच्यातून वारा वाहतो, वजा पन्नासची थंडी मातीत मुरते, आणि माती दगडासारखी राहते. पोकळी बंद केली की घराची ऊब खाली झिरपते, माती मऊ पडते, आणि खांब चिखलातल्या चमच्यासारखे आत जाऊ लागतात.

मायीसने तिच्या बाजूची पोकळी बंद केली होती. दर शरदात ती भोवती फळ्या ठोकायची आणि त्यांच्यावर ओल्या शेणाचे जाड लिंपण चढवायची. तिच्या तीन गाईंना हे लिंपण पुरवण्यापलीकडे त्या ऋतूत दुसरे काम नसे.

थांब्याच्या दारावर घरखात्याची सूचना लागली होती. पुढच्या सप्टेंबरात तपासणी होणार. ज्या घराच्या दोन टोकांतला फरक दीडशे मिलिमीटरच्या वर असेल ते पाडणार. रहिवाशांना शहरात चौथ्या मजल्यावर जागा देणार. आमचा फरक वर्षाला चौदाने वाढत होता. बेरीज तंत्रनिकेतनात न गेलेल्यालाही जमली असती. एकशे पंचावन्न.

चौथ्या मजल्यावर गाई चढत नाहीत.

दुर्बीण पेटीत ठेवून मी मायीसकडे चहाला गेलो. तिच्या घरात शिरताना उतार लागतो, निघताना चढ. म्हणून आपल्याकडे पाहुणे जास्त वेळ बसतात, असे ती सांगते. चुलीवर धिरडी चालू होती. पीठ तव्यावर पडले की पूर्वेकडे धावायचे, त्यामुळे तिचे प्रत्येक धिरडे एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला कागद. पहिल्या धिरड्याचा तुकडा तिने रीतीप्रमाणे विस्तवाला दिला. जाड बाजूचा. माझ्या ताटात पातळ बाजू आली.

"किती?" तिने विचारले.

"एकशे एक्केचाळीस."

"आणि मागच्या वर्षी?"

"एकशे सत्तावीस."

"म्हणजे माझं वजन वाढलं, असं सरळ म्हण ना, उबाय."

उबाय म्हणजे थोरला भाऊ. मी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, एवढ्यापुरताच तो मान. पुढच्या वाक्यात ती तो परत घेते.

"वजनाचा प्रश्न नाही," मी म्हणालो. "लिंपणाचा आहे. सूचना वाचलीस?"

"वाचली. चौथा मजला. माझ्या आईनं लिंपलं, तिच्या आईनं लिंपलं. कुणाचं घर खचलं नाही. मीच लिंपते तेव्हा खचतं. मग दोष शेणाचा की रेल्वेच्या खांबांचा?"

"तुझ्या आजीचं घर मातीवर बसलेलं होतं. जमीन मातीची. आणि उन्हाळा लागला की ते सगळे घर सोडून कुरणावर जायचे की नाही? चार महिने चूल बंद. तू बारा महिने इथंच असतेस आणि बारा महिने चूल पेटवतेस."

"मग काय करू? कुरणावर जाऊ? कुरणावर रेल्वे गेली!"

हे खरे होते. आमच्या अंगणासमोरूनच रूळ जातात, आणि तेही त्याच कारणाने बसले आहेत. बांधकाम करताना वरचे शेवाळ खरवडले, ऊन खाली पोचले. आता मालगाडी तिथे आली की वेग पंचवीसवर आणते आणि एकेक डबा वाकून नमस्कार केल्यासारखा खाली जाऊन वर येतो. एवढी अदब आपल्या सुनांत नाही, असे मायीस म्हणते. दर उन्हाळ्यात खडी ओततात, दर हिवाळ्यानंतर ती गडप होते. मी तीस वर्षे त्याच रुळांची उंची मोजत नोकरी केली.

"मायीस, या वर्षी लिंपू नकोस. फळ्याही काढ. हिवाळाभर पोकळी उघडी ठेव आणि आत आलेला बर्फ फावड्यानं बाहेर काढत राहा. बर्फ म्हणजे गोधडी, तो थंडी अडवतो. एका हिवाळ्यात माती पुन्हा धरेल."

"आणि माझे गुडघे?"

"जाड बूट घाल. मी घालतो."

"तुझे पाय पाहिलेत मी. गोठलेल्या माशासारखे आहेत. किसून मीठ लावलं तर पाहुण्यांना वाढता येतील."

मी दोन घोट चहा प्यायलो आणि शेवटचे अस्त्र काढले. "मांगासला चौथ्या मजल्यावर न्यायचं म्हणजे जिना किती रुंद लागेल, याचं गणित करून देऊ?"

मांगास ही तिची पांढऱ्या तोंडाची गाय. स्वभावाने वाईट, दुधाला चांगली. मायीसने चिमटा खाली ठेवला. चूल तडतडत होती. तिने खिडकीतून गोठ्याकडे पाहिले.

"बरं," ती म्हणाली. "उघडी ठेवते. पण मला नीट सांग, उबाय. त्या लोकांना हवं काय? माझं टोक वर यायला हवं?"

"दोन्ही टोकं सारखी हवीत. दीडशेच्या आत."

"सारखी हवीत," तिने मान डोलावली. "एवढंच ना? मग सोपं आहे."

सोपे आहे, हे शब्द मी तेव्हा नीट ऐकायला हवे होते. पण माझे मन दुसरीकडे होते. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते आणि दुर्बिणीतले आकडे धूसर दिसू लागले होते. शहरात मुलीकडे राहून एकेक डोळा करून घ्यायचा ठरला होता. शहर नदीपलीकडे, म्हणून नदी गोठण्याआधी पोचणे भाग होते. निघण्यापूर्वी मायीसने माझ्यादेखत शेवटची फळी काढली. माझ्या पाण्याच्या नळ्या फुटू नयेत म्हणून चूल पेटती ठेवायची जबाबदारीही तिने आपण होऊन घेतली.

"तुझ्या घराची काळजी करू नकोस," ती म्हणाली. "आपलं समजून बघेन."

हेही वाक्य मी नीट ऐकले नाही.

परत आलो तो मार्च उजाडला होता. मुलीने दुसऱ्या डोळ्यानंतरही महिनाभर सोडले नाही. गाडी वजा एकतीसमध्ये तीत्तेखला पोचली, खोलगटीत वाकली, वर आली आणि मला उतरवून गेली. नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिले ते दोन धुराडी. मायीसच्या धुराड्यातून धूर नव्हता. माझ्या धुराड्यातून भरघोस निघत होता.

दार उघडले. दाराशी वाकून घरातले जाड बूट शोधू लागलो तेव्हा हाताचा पंजा जमिनीला लागला. जमीन उबदार होती. सत्तावीस वर्षांत माझी जमीन कधी उबदार नव्हती. मी बाहेरचे बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर उभा राहिलो. मोठे सुख होते. त्या सुखात मी एक पूर्ण मिनिट विचार न करता घालवला. मग विचार आला.

"मायीस!"

"ओरडू नकोस, धिरडं करपेल." ती माझ्याच चुलीपाशी उभी होती. माझ्या पलंगावर तिची गोधडी, माझ्या खिडकीत तिच्या कांद्याच्या कुंड्या. "डोळे कसे आहेत?"

"डोळे उत्तम आहेत. जमीन गरम का आहे?"

"लिंपलं म्हणून."

"कुठे लिंपलंस?"

"तुझ्या बाजूला. माझ्या बाजूला लिंपायचं नाही असं तूच म्हणालास. फळ्या काढलेल्या रिकाम्याच पडल्या होत्या, शेण होतं. वाया घालवू?"

मी खुर्चीवर बसलो. "आणि तू इथे राहतेस."

"मग कुठं राहू? माझ्या घरात तुझं विज्ञान आहे. तिथं माणूस राहू शकत नाही. पाण्याची बादली जमिनीला चिकटली. जानेवारीत ओढून काढली तर बूड तिथंच राहिलं."

"पण माझी बाजू का लिंपलीस? उभं असलेलं टोक खचेल ना!"

"तेच तर." तिने धिरडे उलटले. "सारखी हवीत, तूच म्हणालास. माझं टोक वर आणायचं तुझ्या हातात नाही. तुझं खाली आणायचं माझ्या हातात आहे."

"घर सरळ करायचं म्हणजे खचलेलं टोक थांबवायचं असतं, उभं टोक बुडवायचं नसतं!"

"टेबल डुगडुगलं तर लांब पाय कापतोस, की आखूड पायाला पाणी घालून वाढवतोस?"

"आखूड पायाखाली पाचर घालतो."

"घाल मग. घराखाली घाल. मी धरते."

मी उठलो, पहार घेतली आणि बाहेर गेलो. उरली होती तेवढ्या थंडीत पोकळी उघडली तर अजून तीन-चार आठवडे माती गोठवता येईल, असा माझा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. शेण मात्र ऑक्टोबरात लिंपलेले, पाच महिने गोठलेले होते. पहिल्या घावाला पहार उडाली. दुसऱ्या घावाला ठिणगी पडली. पाचव्या घावाला पहारीचे टोक वाकले आणि लिंपणावर नखाएवढा ओरखडा उमटला.

मायीस खांद्यावर शाल टाकून पायरीवर आली. "मांगासचं शेण आहे ते," ती म्हणाली. "ती स्वतः जशी आहे तसंच निघालं. आत ये, चहा थंड होईल."

"मे महिन्याआधी हे निघणार नाही."

"आणि मेमध्ये?"

"मेमध्ये निघेल. पण तेव्हा आत सोडायला थंडी उरणार नाही."

"मग मेमध्ये तरी कशाला काढतोस? एवढं सुबक झालंय."

मेपर्यंत आम्ही माझ्याच बाजूला राहिलो. ती पलंगावर, मी स्वयंपाकघरातल्या बाकावर. सकाळी ती मला उठवून विचारायची, "झोप लागली का रे, की रात्रभर खचत होतास?" मेच्या मध्याला तिची बाजू राहण्याजोगी झाली तेव्हा ती गोधडी आणि कांदे घेऊन चढावरून उतारावर परत गेली.

त्या उन्हाळ्यात मी पूर्वीपेक्षा जास्त वेळा मोजमाप घेतले. मायीसच्या बाजूची माती हिवाळ्यात इतकी घट्ट गोठली होती की फुगून तिने खांब थोडे वर ढकलले होते. हा माझ्या शास्त्राचा विजय होता. माझी बाजू जुलैपासून निवांत खाली जाऊ लागली. हा तिच्या शास्त्राचा विजय होता. जुलै सरताना फरक एकशे अठरा. माझे दार आपोआप उघडायचे ते आता आपोआप बंद होऊ लागले. उत्तरेच्या खिडकीची काच कोपऱ्यातून तडकली. पाणसळ टेबलावर ठेवली तर तिचा बुडबुडा दर आठवड्याला मध्याकडे सरकत होता, आणि मला आनंद होत होता. स्वतःचे घर बुडताना पाहून आनंद होणे ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसत नाही. मी ती कोणाला बोलून दाखवली नाही.

मायीसला मात्र दिसत होती. "आज कसं?" ती कुंपणावरून विचारायची.

"दोन मिलिमीटर."

"शाबास. जेव नीट. वजन वाढव."

तपासणी ११ सप्टेंबरला आली. मी एखाद्या जाडजूड अधिकाऱ्याची वाट पाहत होतो. गाडीतून उतरली ती कुन्नेय नावाची तिशीतली अभियंता. पाठीवर दुर्बिणीची पेटी, हातात दीड पुरुष उंचीची लोखंडी सळई. उतरताच तिने मागे वळून, गाडीचे डबे खोलगटीत वाकताना पाहिले.

"हे रोज असंच?" तिने विचारले.

"पाहुण्यांना जरा जास्त," मायीस म्हणाली. "चहा?"

"आधी मोजते, आजी. चहा प्यायल्यावर माणूस दयाळू होतो."

मायीसने माझ्याकडे पाहिले. पोरगी हुशार आहे, असा त्या पाहण्याचा अर्थ होता, आणि हे चांगले नाही, असाही.

कुन्नेयने माझ्यासारखेच दोनदा, दोन जागांवरून मोजले. त्याबद्दल मला ती आवडली. मग मात्र तिने मला न आवडणारी गोष्ट केली. ती मायीसच्या बाजूच्या उघड्या पोकळीच्या तोंडाशी वाकली आणि सळई तिरपी आत घालून मातीत दाबली. सव्वा मीटरवर टणक आवाज आला. बर्फमाती. माझ्या बाजूला येऊन तिने लिंपलेली एक फळी सैल केली आणि सळई तशीच दाबली. सळई लोण्यात सुरी जावी तशी जात राहिली. पूर्ण सळई मातीत गेली, वर फक्त मूठ उरली, तरी आवाज आला नाही.

तिने सळई ओढून काढली, हात पुसले. "गाव्रील स्तेपानोविच, तुम्ही रुळांवर लेव्हल करत होतात ना? तीस वर्षं?"

"होय."

"मग हे लिंपण तुमच्याच बाजूला कसं?"

मायीसच्या बाजूला आता एकही फळी नव्हती. दोष द्यायला समोर फक्त मी होतो. मायीस तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "म्हातारपणी पाय गार पडतात."

"माशासारखे," मायीसने दुजोरा दिला.

कुन्नेय हसली नाही. "नियम फरकाचा आहे. फरक तुमचा बसतो. पण मला शेवटी शेराही लिहावा लागतो. हे घर एका बाजूला धरलंय आणि दुसऱ्या बाजूला बुडतंय. असंच चाललं तर दोन वर्षांत ते उलट्या बाजूला कलेल. मी 'बुडतं घर' असं लिहिलं तर आकडा कितीही असो, ते यादीत जाईल."

मायीसचा चेहरा उतरला. मी सत्तावीस वर्षांत तो तसा एकदाच पाहिला होता, तिचा नवरा गेला तेव्हा. गोठ्यात मांगास हंबरली. मायीस माझ्या भिंतीपाशी गेली, खाली बसली, आणि पहिली फळी दोन्ही हातांनी ओढली. सप्टेंबरातले शेण मऊ होते. फळी मोठ्या आवाजाने निघून तिच्या मांडीवर आली.

"बघत काय उभा राहिलास?" ती मला म्हणाली. "ओढ!"

"या हिवाळ्यात मग दोन्ही बाजू गार. तू कुठं राहशील?"

"गोठ्यात. मांगासपाशी. ती निदान मोजत नाही."

मी तिच्याशेजारी बसलो आणि ओढू लागलो. थोड्या वेळाने तिसरे हात आले. कुन्नेयने बाह्या वर सारल्या होत्या. शेवटची फळी निघाली तेव्हा तिघांच्याही कोपरांपर्यंत शेण होते आणि पोकळीतून वारा आरपार वाहत होता.

"आजी," कुन्नेय म्हणाली, "तुम्ही लिंपत होतात ते कशासाठी? जमीन उबदार राहावी म्हणून ना?"

"नाहीतर काय, शोभेसाठी?"

"मग ऊब खाली अडवायच्या ऐवजी वर अडवा. या जमिनीवर आडव्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये वीतभर लाकडाचा कोरडा भुसा, वरून दुसरी जमीन. ऊब घरातच राहील, खाली जाणारच नाही. पोकळी उघडी, पाय गरम. पुढच्या थांब्यावरच्या करवत-गिरणीत भुसा ढिगानं पडलाय. दोन आठवड्यांचं काम."

मी मान खाली घातली. उष्णता कुठून कुठे जाते हा विषय मला उत्तम गुणांनी सुटला होता.

मायीस सावकाश माझ्याकडे वळली. "एवढं सोपं होतं?"

"तत्त्वतः होय," मी म्हणालो.

"आणि हा माणूस," ती कुन्नेयला सांगू लागली, "सत्तावीस वर्षं माझ्याकडे येतो, माझी धिरडी खातो, आणि मला सांगतो की बूट घाल! आकडा मिलिमीटरपर्यंत सांगतो, पण जमिनीवर जमीन टाक हे एकदाही सुचलं नाही!"

"तूही कधी विचारलं नाहीस," मी म्हणालो. "तू फक्त माशांची उपमा देत होतीस."

आता मात्र कुन्नेय हसली. तिला हसताना पाहून मायीस आत धावली आणि तिने चूल पेटवली. ही दयेची वेळ वाया जाऊ देऊ नये, एवढे व्यवहारज्ञान तिला होते. धिरड्यांबरोबर घुसळलेली साय आणि लाल बेरी आल्या. धिरडी अजूनही एका कडेला जाड होती, पण पूर्वीइतकी नाही. जाड कड पाहुणीच्या ताटात गेली. पातळ कड माझ्याकडे येताना वाटेत थांबली, मायीसने तिच्यावर सायीचा एक जास्तीचा चमचा टाकला, आणि मग ती माझ्यापर्यंत पोचली.

"भुसा तू आणशील," ती मला म्हणाली. "दोन्ही बिऱ्हाडांचा. आणि आधी माझ्या बाजूचं काम. विज्ञानानं गारठलेली मी आहे."

"मान्य."

"पोकळीतला बर्फ?"

"दोघं मिळून काढू."

कुन्नेयने हात धुतले, अहवाल टेबलावर उघडला आणि शेऱ्याच्या जागेवर पेन टेकवले. मायीसने चहा ओतणे थांबवले. मग कुन्नेयने लिहिले आणि आम्हाला वाचून दाखवले: पोकळी दोन्ही बाजूंनी माझ्यासमक्ष उघडली, रहिवासी दुसरी जमीन टाकणार, घर पाडू नये, गोठा आहे तिथेच राहील.

त्याखाली आकडा होता. दोन टोकांतील फरक: ९६ मिलिमीटर.